उतार कुठल्या अंगाला

आवटीबाईंना संशय आला, तो शीट्स फार स्वच्छ होत्या म्हणून.

मिरजेच्या तंत्रनिकेतनात त्यांची हयात इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवण्यात गेली होती. पहिल्या वर्षाची शीट म्हणजे काय चीज असते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. खोडून खोडून विरलेला कागद, कोपऱ्यात बोटाचा काळा ठसा, आणि मधोमध एखादा शंकू असा, की त्याची त्यालाच लाज वाटावी. बाई त्यावर लाल पेन्सिलीने गोल करायच्या, पोरं तोंड पाडून परत जायची आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुठे डोक्यात उजेड पडायचा. तो पडताना बघायला मिळतो म्हणून तर त्या या नोकरीत टिकल्या होत्या.

यंदाच्या गठ्ठ्यात लाल गोल करायला जागाच नव्हती. शंकू निर्दोष, छेद निर्दोष, तुटक रेषा जिथे हव्या तिथेच तुटलेल्या. पैकीच्या पैकी गुण देताना बाईंचा हात आखडत होता. सगळा वर्ग एकाएकी हुशार निघतो यावर विश्वास ठेवायला त्या काही कालच्या नव्हत्या. कुठेतरी पाणी मुरत होतं.

एकच शीट मळकी होती, आफरीन शिकलगारची. तिचं पेन सत्राच्या सुरुवातीलाच बिघडलं, दुरुस्तीला गेलं ते परत आलंच नाही, म्हणून ती आपली जुन्या पद्धतीने कागद-पेन्सिल घेऊन बसायची. वर्गात सगळ्यांत कमी गुण तिला होते.

हे पेन म्हणजे ‘सुरेख’. आता प्रत्येक पोराच्या हातात ते होतं आणि पुढ्यात त्याची काचेची पाटी; पाटीवर काढलेलं शीटवर छापून यायचं. दिसायला साध्या मार्करएवढं. रेघ ओढायचं आपण मनात आणतो तेव्हा ती उमटण्याच्या जरा आधी बोटांचे स्नायू ताणले जातात. ‘सुरेख’ हा ताण ओळखतं, पाटीवर काय काढायला दिलंय आणि काय काढून झालंय ते बघतं आणि रेघ कुठे जायला हवी हे ठरवतं. मग त्याच्या पोटातलं तांदळाएवढं वजन किंचित सरकतं आणि हात त्या दिशेला झुकतो. इतका थोडा, की हाताच्या मालकाला पत्ता लागत नाही. मेंदू तसा आयतोबा आहे. आपण ठरवलं आणि लगेच घडलं, की ते आपणच केलं असं तो धरून चालतो. मधे कोणी ढकललं का, याची चौकशी करत बसत नाही.

हे सगळं बाईंना त्यांच्या लेकीने, रेवाने, स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता सांगितलं होतं. ‘सुरेख’ बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत रेवा नोकरीला होती.

“तूही हेच वापरतेस का गं?” बाईंनी तेव्हा विचारलं होतं.

“वापरते की. पण आम्ही ऑफिसात त्याची मदत बंद ठेवतो. नाहीतर पेन चुकलं तर आम्हाला कळणार कसं?”

हलवायाच्या घरी त्याच्या दुकानातली मिठाई खात नाहीत, हे बाईंच्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. पण त्या गप्प बसल्या. गप्प बसायला कारण होतं. पहिलं ‘सुरेख’ मिरजेत आलं ते पोरांसाठी नव्हे, बाईंसाठी. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, वयाबरोबर वाढत जाईल. ड्रॉइंगच्या बाईला आणखी कसला धोका लागतो? फळ्यावर रेघ ओढायची वेळ आली की त्या पोरांपैकी कोणालातरी पुढे बोलवायच्या, घसा बसलाय, पाठ धरलीय, काहीही सांगायच्या. मग रेवाने पेन आणलं. बाईंनी ते हातात धरलं, पाटीवर रेघ ओढली, आणि ती सरळ आली. त्या दिवशी त्या पोळ्या तव्यावर तशाच टाकून रडल्या होत्या.

कॉलेजात हे कोणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांना वाटे, आवटी मॅडम म्हणजे या वयातही नव्याच्या पुढे एक पाऊल.

आणि उद्या अभ्यासक्रम समितीची बैठक मिरजेतच होती. विषय एकच: हाताने ड्रॉइंग काढणं, ते बोर्ड, ते रेघा आखायचे ड्राफ्टर, सगळ्या तंत्रनिकेतनांतून बंद करून फक्त ‘सुरेख’च ठेवायचं का. समितीत बाई सर्वांत जुन्या. बाकीचे आधीच म्हणून बसले होते, की आवटी मॅडम म्हणतील तसं. कंपनीतर्फे सादरीकरणाला रेवाच यायची होती. म्हणजे लेकीची बढती आणि स्वतःचा हात, दोन्ही एकाच पारड्यात. दुसरं कोणी असतं तर डोळे मिटून ‘हो’ म्हणून मोकळं झालं असतं. बाईंना मात्र आधी खात्री करून घ्यायची होती, पोरांना दिसतं की नुसतं काढता येतं.

त्यासाठी त्यांच्या सरांपासून चालत आलेली एक परीक्षा होती. शीटवरची तीन दृश्यं बघायची आणि ती वस्तू कपड्याच्या साबणातून कापून दाखवायची. हात वेडावाकडा चालला तरी चालेल, डोळा सरळ चालला पाहिजे.

बैठकीच्या आदल्या सकाळी बाईंनी पेनं गोळा करून कपाटात ठेवली आणि बाकांवर साबणाच्या वड्या मांडल्या. पोरं खुसखुसली. बाईंनी वस्तूही मुद्दाम सोपी निवडली होती, पाचर. समोरून बघा, चौकोन. वरून बघा, चौकोन. बाजूने बघा, काटकोन त्रिकोण. मेख एकच. उतार पुढच्या अंगाला की मागच्या, हे दोन्ही चौकोन सांगत नाहीत. ते त्रिकोण सांगतो, आणि तोही कुठल्या बाजूने बघितलाय हे माहीत असलं तरच. शीटवर तो समोरच्या दृश्याच्या उजवीकडे होता, उभी कड त्या दृश्याकडे, उतार बाहेरच्या अंगाला.

“कापून झालं की पुढची बाजू आपल्याकडे करून ठेवा. शेजाऱ्याचं बघायचं नाही.”

वर्गभर कपडे धुण्याचा वास सुटला. बाई हात मागे बांधून फिरत होत्या, आता सापडतील, मग सापडतील अशा बेताने. पण पहिल्या बाकावर उभी भिंत पुढे, उतार मागे. दुसऱ्या बाकावर तेच. तिसऱ्या, चौथ्या, खिडकीजवळच्या टवाळ रांगेतसुद्धा तेच. बाईंच्या मनातलं उत्तरही तेच होतं. सगळी पोरं उत्तीर्ण झाली होती आणि बाईंचा संशय खोटा ठरला होता.

शेवटच्या बाकाशी त्या थांबल्या. आफरीनच्या साबणाचा उतार तिच्याकडे येत होता.

“हे काय?”

“पाचर, मॅडम.”

“उतार कुठे आहे तुझा?”

“पुढं. आपल्याकडं.”

“का?”

आफरीनने शीटवर बोट ठेवलं. “त्रिकोण उजवीकडं काढलाय, म्हंजे डावीकडनं बघितलेला. डावीकडनं बघितलं तर पुढची बाजू आपल्या उजव्या हाताला येती. उतार बी उजव्याच हाताला हाय न्हवं?”

बाईंनी अर्धंच ऐकलं. शीटवर नजर टाकली की त्यांना पाचर ढळढळीत दिसत होती, भिंत पुढे, उतार मागे. जे दिसतंय त्यावर वाद कसला घालायचा?

“आजूबाजूला बघ जरा,” त्या म्हणाल्या. “सगळा वर्ग चुकला आणि तू एकटी बरोबर, असं असेल का?”

आफरीनने बघितलं. दोघं-तिघं हसले. तिने साबण उचलून दप्तरात टाकला.

“नसंल, मॅडम,” ती म्हणाली.

घरी जाताना बाईंना हलकं वाटत होतं. उगाच पोरांवर संशय घेतला याची थोडी लाज वाटली, पण त्याहून मोठी सुटका होती. पेनवाली पोरं पास, बिनपेनाची एकटी नापास. याहून चोख निकाल कोणता हवा? उद्या बिनदिक्कत ‘हो’ म्हणता येणार होतं. आपला हात आपल्याकडे राहणार होता, आणि त्याची चोरी वाटायचं कारण उरलं नव्हतं.

रेवा दुपारी पोचली. हातपाय धुऊन ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि बाईंनी चहाचं आधण ठेवता ठेवता तिला सगळं सांगितलं.

“म्हणजे तू आम्हाला पकडायला सापळा लावलास आणि आमचं पेन सुटलं,” रेवा हसून म्हणाली. “तू कधी बदलणार नाहीस, आई.”

“सुटलं बाई. उद्या मी तुझ्या बाजूने बोलणार.”

ओट्यावर एक उरलेली वडी आणि ती शीट पडली होती. रेवाने भाजीची सुरी घेतली आणि चहा उकळेपर्यंत गप्पा मारता मारता साबण कापला. लहानपणी ती हेच करायची. बाई शीट तपासायच्या आणि रेवा शेजारी बसून साबणाचा भुगा करायची. पाचर कापून तिने पुढची बाजू आईकडे करून ठेवली.

“घे. किती गुण?”

बाईंनी बघितलं आणि त्यांना हसूच आलं. “शून्य. तूही त्या आफरीनच्या पंगतीतली. उतार मागे हवा.”

रेवाने शीटकडे बघितलं. मग साबणाकडे. मग आईकडे जरा जास्तच वेळ. हसू तिच्या तोंडावर होतं तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

“असेल गं,” ती म्हणाली. “सवय गेली माझी.” आणि तिने ती पाचर उचलून नळाखाली धरली, हात धुवायला म्हणून.

चहा उतू गेला. बाईंनी गॅस बंद केला, पण नजर लेकीच्या हातांवरून काढली नाही. ही पोरगी शाळेत अर्ध्या गुणासाठी मास्तरांशी भांडून आली होती. बुद्धिबळात हरली की दुसऱ्या दिवशी पट मांडून ‘तू चुकीचं हलवलं होतंस’ म्हणून सिद्ध करायची. ती ‘असेल’ म्हणते? तेही उभ्या उभ्या, एका शब्दाने न भांडता?

“रेवा, नळ बंद कर.”

“काय झालं?”

“तो साबण इकडे दे.”

बाई आतल्या खोलीत गेल्या. कपाटावर जुन्या चादरींच्या मागे त्यांचा पुठ्ठा होता. तीन तुकडे कापडी पट्टीने जोडलेले: एक मागची भिंत, एक जमीन, एक उजवी भिंत. पहिल्या कोनाची पद्धत त्यांनी कित्येक वर्षं यावरच शिकवली होती. वस्तू या कोपऱ्यात ठेवायची. डावीकडून बघायचं, आणि जे दिसेल ते पलीकडच्या, म्हणजे उजव्या भिंतीवर उतरवायचं, सावली पडते तसं. मग भिंती उघडून सपाट करायच्या, की झाली शीट. डावीकडचं दृश्य उजवीकडे जातं ते असं. नव्या पोराला वाटतं, उजवीकडे काढलंय म्हणजे उजवीकडून दिसणारं. दर वर्षी दर पोर इथे आपटायचंच. पाट्या आल्यापासून पुठ्ठा मात्र कपाटावरच होता.

त्यांनी तो टेबलावर उभा केला आणि पाचर आपल्या मनातल्यासारखी ठेवली, भिंत पुढे, उतार मागे. डावीकडून बघत उजव्या भिंतीवर पेन्सिलीने कडा उतरवल्या. पेन्सिल थरथरत होती, रेघ गांडुळासारखी आली, पण आली. मग त्यांनी पुठ्ठा उघडला.

त्रिकोण उलटा होता.

त्यांनी पुन्हा सगळं केलं. पुन्हा उलटा. मग त्यांनी पाचर फिरवून उतार पुढे घेतला, आफरीनने ठेवली होती तशी. कडा उतरवल्या, पुठ्ठा उघडला आणि शीट शेजारी धरली. उभी कड समोरच्या दृश्याकडे, उतार बाहेरच्या अंगाला. दोन्ही चित्रं एकसारखी होती.

बाई खुर्चीवर बसल्या. शीटकडे बघितलं तर अजूनही त्यांना उतार मागेच दिसत होता. पुठ्ठा सांगत होता पुढे, आणि डोळा सांगत होता मागे. याची त्यांना भीती वाटली, अगदी हात पहिल्यांदा थरथरला होता तेव्हासारखी.

“हे असं कसं झालं?” त्यांनी विचारलं.

रेवा दारात उभी होती. “तू चुकलीस की पेन तुझा हात वळवतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “मनात उजवीकडून बघत असलीस तरी हात डावीकडचंच काढतो. चित्र बरोबर येतं. समजूत चुकीची, ती तशीच राहते. पुढच्या वेळी जरा घट्ट होते.”

“मला हे येत होतं, रेवा. मी हे शिकवलंय.”

“येत होतं. पण घसरण सगळ्यांचीच होते ना कधीमधी? पूर्वी घसरलीस की पुढची रेघ जुळायची नाही, तू थांबायचीस, परत बघायचीस. दोन वर्षांत तू एकदाही थांबली नाहीस.”

“ठेचच लागली नाही,” बाई म्हणाल्या. “आणि ती सगळी पोरं?”

“त्यांना तर पहिल्यापासूनच नाही लागली.”

सगळ्यांना एकच चूक, आणि ती बाईंच्या चुकीशी जुळणारी. म्हणून तर सगळे पास झाले होते. आणि ज्या एकीने कागद खोडून खोडून, पडत-धडपडत डोळा कमावला होता, तिला बाईंनी भर वर्गात खाली बघायला लावलं होतं.

“तुला कळलं होतं,” बाई म्हणाल्या. “मी शून्य म्हटलं तेव्हाच कळलं होतं.”

रेवाने मान डोलावली.

“मग बोलली का नाहीस? साबण का धुतलास?”

“उद्या मीटिंग आहे, आई,” रेवा म्हणाली. “आणि पेन काढून घेतलं तर तुझ्या हाताचं काय? मी तुला त्या दिवशी रडताना बघितलंय. मला दोन्ही नको होतं.”

यातलं किती खरं आणि किती सोयीचं, हे बाईंना ठरवता येईना. पोटच्या पोरीकडे असं तोलून बघावं लागतंय, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. पुठ्ठा घडी करून त्यांनी पिशवीत घातला. चहा निवला होता, तो दोघींनी तसाच प्यायला.

सकाळी रेवा आपली सादरीकरणाची बॅग घेऊन बाईंबरोबर निघाली. कॉलेजच्या फाटकाशी ती थांबली.

“मी काय बोलू मीटिंगमध्ये?”

“तुला पाहिजे ते बोल. फक्त ऑफिसात तुम्ही मदत बंद ठेवून काम करता, तेवढं सांगायला विसरू नकोस. आणि का ठेवता तेही.”

“आणि तू?”

“मी काल कोणती परीक्षा घेतली आणि त्यात कोण नापास झालं, ते सांगणार. हाताचंही सांगणार.”

“ते तुला शिकवू देणार नाहीत मग.”

“बघू,” बाई म्हणाल्या. बैठक अकराला होती. त्याआधीचा तास पहिल्या वर्षाचा होता. रेवाही वर्गात येऊन मागे बसली.

वर्गात मोठ्या पडद्यामागे जुना काळा फळा अजून होता. बाईंनी पडदा बाजूला सारला आणि खडू घेतला. ‘सुरेख’ पर्समध्येच राहू दिलं. चौकोनाची पहिलीच रेघ थरथरत, तुटत उमटली तेव्हा वर्गातली कुजबुज थांबली. तरी त्यांनी चौकोन पुरा केला, दुसराही केला, आणि उजवीकडे त्रिकोण काढला. मग त्या पोरांकडे वळल्या.

“माझा हात असाच आहे,” त्या म्हणाल्या. “पेन होतं म्हणून तुम्हाला दिसला नाही. आणि डोळाही बिघडलाय, ते मला काल समजलं. आफरीन, उभी राहा.”

आफरीन उठली. काल हसलेली पोरं आज हसली नाहीत.

“काल तू बरोबर होतीस. मी चुकले होते, आणि हा सगळा वर्ग चुकला होता. मी तुझं नीट ऐकून घेतलं नाही. आता पुढे ये आणि उतार कुठे आहे ते सगळ्यांना सांग.”

आफरीन जागची हलली नाही. तिने फळ्याकडे बघितलं, डोळे बारीक करून पुन्हा बघितलं.

“मॅडम,” ती अडखळत म्हणाली, “काल तुम्ही म्हणला म्हणून मी घरी जाऊन दुसरी वडी कापली. मग आणखी एक कापली. तुम्ही सांगितलं तसं दिसंपर्यंत बघत बसले.” तिने फळ्याकडे बोट केलं. “आता मला बी उतार मागंच दिसतोय.”

मागे बसलेल्या रेवाने मान खाली घातली. ज्या कामाला पेनाला दोन वर्षं लागली होती, ते बाईंनी एका दिवसात केलं होतं.

त्या फळ्यापासून चालत आफरीनच्या बाकापर्यंत गेल्या. पिशवीतून पुठ्ठा काढला, तिच्यापुढे उभा केला आणि कोपऱ्यात कालची पाचर ठेवली. एक पेन्सिल तिच्या हातात दिली.

“मागे की पुढे, ते मी सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “डावीकडून बघ आणि भिंतीवर उतरव. मी चुकीचं बोलले तर मला थांबव.”

आफरीन वाकली. तिने एक डोळा मिटला आणि पहिली रेघ ओढली. ती चुकली. तिने खोडरबर मागितला.